वाचकांचे प्रश्न : कोणती गोगलगाय मारावी, कोणती जपावी?

मागील अंकात या सदरात मी हवाई बेटांवरील देशी वृक्ष-गोगलगायींविषयी आणि त्यांच्या रक्षणासाठी होनोलुलू येथील बिशप संग्रहालय करीत असलेल्या कामाविषयी एक टिपण लिहिले होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून त्यावर पत्रे आली. काही पत्रांत कुतूहल होते, काहींत नाराजी होती, आणि एका पत्रासोबत आगपेटीत घालून एक रिकामे शंखही आले. प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच देत आहे.

प्रश्न : माझी रावेर तालुक्यात साडेचार एकर केळी आहे. मागच्या दोन पावसाळ्यांत शंखी गोगलगायींनी नव्या लागवडीची कोवळी पाने खाल्ली आणि घरातील सर्वांना रोज रात्री बॅटरी घेऊन बागेत फिरावे लागले. कृषी विभाग सांगतो मारा, आणि आपण लिहिता जपा. शेतकऱ्याने कोणाचे ऐकावे?
— एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : दोघांचेही ऐकावे, कारण दोघे वेगवेगळ्या प्राण्यांविषयी बोलत आहेत. आपल्या बागेतील शंखी गोगलगाय अवश्य नष्ट करावी. ती इथली नाही. तिचे शास्त्रीय नाव लिसाकॅटिना फुलिका असून ती मूळची पूर्व आफ्रिकेची आहे. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून तिचे काही जीव कोलकात्यास आणले आणि ते चौरंगी भागातील एका बागेत सोडले गेले. पुढे रोपे, माती, लाकूड आणि बांधकामाचे सामान यांच्याबरोबर ती देशभर पोहोचली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत तिने उगवत्या सोयाबीनचे जे केले ते आपण वर्तमानपत्रांतून वाचलेच असेल. ती एका खेपेस शंभर ते चारशे अंडी घालते, तिला जवळजवळ कोणतेही हिरवे पान चालते आणि इथे तिला आवर घालणारा शत्रू नाही.

आता हवाईकडे पाहावे, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथल्या एका चुकीत आहे. हीच आफ्रिकी गोगलगाय १९३६ मध्ये हवाईत शिरली आणि बागांचे नुकसान करू लागली. तिचा बंदोबस्त व्हावा म्हणून १९५५ मध्ये फ्लोरिडातून युग्लँडिना नावाची दुसरी गोगलगाय मुद्दाम आणून सोडण्यात आली. ही शिकारी आहे. इतर गोगलगायींनी मागे सोडलेल्या चिकट मागावरून ती त्यांच्यापर्यंत पोहोचते आणि त्यांना खाते. ज्यांनी ती आणली त्यांचा हेतू शेतकऱ्यांच्या भल्याचाच होता. परंतु कवचाने भक्कम आणि पोराबाळांनी भरभराटलेल्या आफ्रिकी गोगलगायीपेक्षा डोंगरातील झाडांवर राहणाऱ्या लहान, संथ, पातळ कवचाच्या देशी गोगलगायी तिला सहज सापडल्या. जी पिकाला कधीच त्रास देत नव्हती तीच मारली गेली आणि जिच्यासाठी हा उपाय केला ती आजही तिथे आहे. सर्व गोगलगायी सारख्याच, एवढ्या एका समजुतीवर तो निर्णय उभा होता. म्हणून मारण्याआधी ओळख हवी असे मी म्हणते, आणि ही गोष्ट शेतकऱ्याच्याही फायद्याची आहे.

आफ्रिकी गोगलगायीचे कवच शंकूसारखे लांबट, तपकिरी आणि त्यावर फिकट उभे पट्टे असलेले असते. पूर्ण वाढलेली गोगलगाय हाताच्या पंजाएवढीही होते. आपल्याकडे पावसाळ्यात पालापाचोळ्यात दिसणाऱ्या अनेक देशी गोगलगायी नखाएवढ्या किंवा फार तर रुपयाएवढ्या असतात. काहींचे कवच चपटे, पातळ आणि चकचकीत असते, तर काहींच्या कवचाला तोंडाशी झाकण असते. त्यांपैकी बऱ्याच कुजलेली पाने, बुरशी आणि शेवाळ खातात.

आपल्या बागेसाठी जुनाच उपाय मी सांगेन. गूळपाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधावर आणि केळीच्या ओळींमध्ये अंथरावीत, सूर्योदयापूर्वी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी गोळा कराव्यात आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. हे काम पहिल्या पावसानंतर लगेच सुरू केले तर अंडी घालण्यापूर्वीच मोठ्या गोगलगायी हाती लागतात. माती उकरताना साबुदाण्यासारखी पांढुरकी अंडी दिसली तर तीही नष्ट करावीत. हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी असावी, कारण या गोगलगायीच्या अंगात माणसाच्या मेंदूला अपाय करणारा कृमी असू शकतो. मीठ थेट शेतात फेकू नये. त्याने जमीन बिघडते. मेटाल्डीहाइडच्या विषारी गोळ्या हा शेवटचा उपाय समजावा, कारण त्या देशी गोगलगायींना ओळखत नाहीत आणि बागेतील कुत्र्यालाही घातक ठरतात. पोत्याखाली एखादी लहान, चपटी, चकचकीत गोगलगाय आढळली तर तिला पाचोळ्यात परत ठेवावे. एवढ्याने आपल्या केळीचे काही बिघडणार नाही.

प्रश्न : आपले टिपण मी आठवीच्या वर्गात वाचून दाखवले. मुलांनी विचारले की समुद्रातील एवढ्याशा बेटांवर गोगलगायींच्या इतक्या जाती कशा झाल्या, आणि झाल्या तर इतक्या लवकर संपल्या कशा? मला नीट सांगता आले नाही.
— एक शिक्षिका, चोपडा

उत्तर : मुलांनी दोन प्रश्न विचारले असले तरी त्यांचे उत्तर एकच आहे. ज्या कारणाने जाती झाल्या, त्याच कारणाने त्या संपल्या.

हवाई बेटे कोणत्याही खंडापासून हजारो किलोमीटर दूर, समुद्राच्या तळातून वर आलेल्या ज्वालामुखींची बनलेली आहेत. तिथे गोगलगाय चालत जाऊ शकत नाही. पक्ष्याच्या पिसांना चिकटून, वादळाबरोबर किंवा वाहत्या लाकडावरून लाखो वर्षांत एखाद-दुसरी पोहोचली असावी. पोहोचल्यावर मात्र एका दरीतील गोगलगाय शेजारच्या दरीतही सहसा जात नाही. सातपुड्यातील पाड्यांचे उदाहरण मुलांना द्यावे. दोन पाडे डोंगराच्या एका धारेने वेगळे झालेले असले तर बोलण्याची ढब बदलते. इथे तर लाखो वर्षांचा दुरावा होता. त्यातून हवाईत साडेसातशेहून अधिक देशी जाती निर्माण झाल्या. केवळ ओआहू या एका बेटावर अकॅटिनेला या एकाच कुळीच्या ४१ जाती होत्या आणि त्यांच्या कवचांवर पिवळे, हिरवट, तांबूस, काळे असे पट्टे होते, जणू कोणी हाताने रंगवलेले.

या बेटांवर उंदीर नव्हते, मुंग्या नव्हत्या, शिकारी गोगलगाय नव्हती. शत्रू नसल्यामुळे भराभर प्रजा वाढवण्याची गरजही नव्हती. अकॅटिनेला अंडी घालत नाही, जिवंत पिल्लू देते, तेही वर्षाकाठी मोजकेच. आणि ते पिल्लू प्रौढ होण्यास काही वर्षे जातात. ती पान खात नाही. पानावर वाढणारा बुरशी आणि शेवाळाचा सूक्ष्म थर ती खरवडून खाते, म्हणजे झाडाला उलट स्वच्छ ठेवते. मुलांना फळ्यावर एका बाजूला आफ्रिकी गोगलगायीची शेकडो अंडी आणि दुसऱ्या बाजूला हे एकुलते पिल्लू काढून दाखवावे. पुढचे त्यांना आपोआप कळेल. माणसाबरोबर उंदीर आले, जंगले तुटली, मग शिकारी गोगलगाय आली, आणि पुढे पाळीव म्हणून आणलेला शिंगाचा सरडाही रानात सुटला. अशा प्राण्याला सावरायला वेळच मिळाला नाही. १९८१ मध्ये अमेरिकेने संपूर्ण अकॅटिनेला कुळीला संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण दिले, तोवर तिच्या बऱ्याच जाती गेलेल्या होत्या.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. अकॅटिनेला अपेक्सफुल्वा ही जाती शास्त्राला कळली ती एका माळेमुळे. १७८७ मध्ये जॉर्ज डिक्सन या इंग्रज कप्तानाला ओआहू बेटावर शंखांची माळ मिळाली आणि त्या माळेतील शंखावरून हवाईच्या भूचर गोगलगायीचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले. दोन शतके उलटली. १९९७ मध्ये त्या जातीच्या शेवटच्या दहा ज्ञात गोगलगायी प्रयोगशाळेत आणाव्या लागल्या. त्यांच्या वंशातील शेवटची, जिला सांभाळणाऱ्यांनी जॉर्ज हे नाव दिले होते, ती वर्षानुवर्षे एकटी राहिली. ती उभयलिंगी होती, तरीही पिल्लासाठी जोडीदार लागतो आणि तो जगात कुठेही सापडला नाही. १ जानेवारी २०१९ रोजी, सुमारे चौदा वर्षांची असताना, ती मरण पावली. दोन वर्षे आधी तिच्या पायाचा दोन मिलिमीटरचा तुकडा काढून सॅन दिएगो येथे अतिशीत साठ्यात ठेवला आहे. ज्या जातीपासून नोंदींना सुरुवात झाली तिचाच शेवट अशा तारीखवार नोंदीने झाला, हे लिहिताना मला आजही जड जाते.

प्रश्न : संग्रहालय म्हणजे मेलेल्या वस्तूंचे घर. शंख गोळा करून कपाटात ठेवणाऱ्या संस्थेने जिवंत गोगलगायी वाचवण्याची भाषा करणे हे परस्परविरोधी नाही काय? आणि लोकांमध्ये जाऊन कार्यक्रम केल्याने नेमके काय साधते?
— प्राणिशास्त्राचा विद्यार्थी, धुळे

उत्तर : आपण धुळ्याचे आहात, म्हणून आपल्याच गावातील उदाहरणापासून सुरुवात करते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव, वाड्यावाड्यांत फिरून जुने कागद जमवले. त्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्याचे संग्रहालयही आहे. त्या कागदाला किंमत येते ती त्यावरील मितीमुळे, गावाच्या नावामुळे आणि तो कोणाच्या दप्तरात सापडला त्या नोंदीमुळे. मिती व ठिकाण नसलेला कागद शोभेचा होतो. पुराव्याचा राहत नाही. शंखाचेही तसेच आहे. बिशप संग्रहालय १८८९ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्याकडे शंख-शिंपल्यांचे सुमारे साठ लाख नमुने आहेत. त्यांतील ज्या चिठ्ठ्यांवर कोणत्या वर्षी, कोणत्या डोंगरधारेवर, किती उंचीवर, कोणत्या झाडावर असे लिहिलेले आहे, त्या चिठ्ठ्यांवरून आजचा अभ्यासक सांगू शकतो की ही जाती पूर्वी कुठवर पसरली होती, कोठून कधी नाहीशी झाली आणि पुन्हा सोडायची तर कोणते रान तिला मानवेल. जिवंत गोगलगायीला परत घरी पोहोचवण्यासाठी तिच्या घराचा पत्ता लागतो, आणि तो पत्ता त्या कपाटातच आहे.

आपल्या आक्षेपातील खरा भाग मी नाकारत नाही. एकोणिसाव्या शतकात हवाईत शंख जमवण्याचे वेडच होते आणि हौशी संग्राहकांनी झाडेच्या झाडे रिकामी केली. आज कपाटात दिसणाऱ्या काही पेट्या त्या हव्यासाच्या आहेत. संग्रहालयाने आज रक्षणाचे काम अंगावर घेणे हे म्हणूनच त्याच्यावरचे ऋणही आहे, असे मी मानते.

ओळख पटवणे हे संग्रहालयाचे दुसरे काम, आणि माझ्या मते सर्वांत मोठे. २०२० मध्ये ऑरिक्युलेला गाग्नेओरुम या हवाई गोगलगायीचे वर्णन प्रसिद्ध झाले; जिवंत सापडलेल्या देशी जातीला नवे नाव मिळण्याची तिथली ती साठ वर्षांतील पहिलीच वेळ होती. ती दरम्यान कुठे लपली नव्हती. तिला पाहून ही वेगळी आहे असे म्हणू शकणारे डोळे आणि ताडून पाहण्यासाठी जुने नमुने एकत्र येण्याची गरज होती. ज्याला नाव नाही त्याला कायदा संरक्षण देत नाही, आणि त्याच्या नावाने पैसाही मंजूर होत नाही. याच संग्रहालयात आता काही दुर्मीळ जाती जिवंतही वाढवल्या जातात आणि हवाई राज्याचे २०१२ पासूनचे गोगलगाय-रक्षण पथक रानात कुंपणे घालून त्यांना जागा करून देते. ही कुंपणे पाहण्यासारखी असतात. उंदीर शिरू नये म्हणून भरीव भिंत, शिकारी गोगलगायीने चढू नये म्हणून खालच्या दिशेने वाकवलेला कठडा, त्याखाली कापलेल्या तांब्याच्या जाळीची पट्टी आणि शेवटी सौम्य वीजप्रवाहाच्या तारा असे अडथळे एकावर एक असतात. आत गेल्यावर कोपरान् कोपरा हाताने धुंडाळून घुसखोर काढावे लागतात.

आता लोकांमध्ये जाण्याविषयी. हवाईत २०२३ हे वर्ष राज्यपालांनी 'काहुलीचे वर्ष' म्हणून घोषित केले. काहुली हे तिथल्या भाषेतील देशी गोगलगायीचे नाव. मुलांना जिवंत गोगलगाय भिंगातून दाखवणे, जुनी गाणी आणि कथा पुन्हा ऐकवणे, आपल्या परसातील फोटो पाठवण्यास सांगणे, यातून एक उघड लाभ होतो : पाहणाऱ्या डोळ्यांची संख्या वाढते. तज्ज्ञ मूठभर असतात आणि डोंगर मोठा असतो. पुढे भुसावळच्या वाचकांच्या प्रश्नात मी दोन उदाहरणे दिली आहेत. दोन्हींत शोध लावणारा माणूस सामान्य रहिवासी होता आणि त्याने पाहिलेले नेमके काय आहे हे सांगणारा अभ्यासक होता. या दोघांची गाठ घालून देणे म्हणजेच असे कार्यक्रम.

जाता जाता एक अनुभव सांगते. निवृत्तीपूर्वी मी प्राणिशास्त्र शिकवत होते, तेव्हा एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शंखांनी भरलेला लाकडी खण पाहिला होता. सुंदर नमुने होते, कोणी तरी आयुष्यभर जमवलेले. प्रत्येकाखाली एकच शब्द होता : 'गोगलगाय'. ना गाव, ना साल. त्या खणात कदाचित पन्नास वर्षांपूर्वीच्या खान्देशातील रानांची हकीकत होती आणि ती आता कोणालाही वाचता येणार नाही. आपण विद्यार्थी आहात. आपल्या विभागातील कपाटे उघडून ज्या नमुन्यांचे ठिकाण व वर्ष अजून कोणाच्या आठवणीत आहे त्यांच्या चिठ्ठ्या आज लिहून घ्याव्यात. जुने सेवक आणि निवृत्त प्राध्यापक यांना विचारावे. हे काम पुढच्या वर्षी करता येईलच असे नाही.

प्रश्न : हवाईच्या गोगलगायी गातात असे माझ्या मुलीने कुठे तरी वाचले. हे खरे आहे काय? आणि आपल्याकडे 'गोगलगाय अन् पोटात पाय' का म्हणतात?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : गोगलगायीला आवाज काढण्याचे अवयव नाहीत. परंतु हवाईच्या लोकपरंपरेत ती रात्री रानात गाते अशी दृढ श्रद्धा आहे आणि तिच्यावर गाणीही आहेत. ऐकू येणारा आवाज त्याच झाडांवरील रातकिड्यांचा असावा असे अभ्यासक मानतात. मला ही श्रद्धा मोलाची वाटते, कारण ज्या प्राण्याला समाजाने आवाज दिला तो प्राणी नाहीसा झालेला समाजाला जाणवतो.

आपली म्हण गरीब दिसणाऱ्या पण आतल्या गाठीच्या माणसासाठी वापरतात. तिच्यातील निरीक्षण मात्र अचूक आहे : गोगलगायीचा पाय खरोखरच पोटाखाली पसरलेला एक स्नायू असतो आणि शास्त्रीय मराठीत या वर्गाला 'उदरपाद' असेच म्हणतात.

प्रश्न : उन्हाळ्यात सातपुड्यात दगडाखाली आणि झाडांच्या मुळांशी लहान पांढरी शंखे सापडतात. काहींच्या तोंडावर कागदासारखा पापुद्रा असतो. ही मेलेली असतात काय? आमच्या भागात जपण्यासारखी देशी गोगलगाय आहे तरी काय?
— एक शिक्षक, अक्कलकुवा तालुका

उत्तर : पापुद्रा असेल तर ती बहुधा जिवंत असते. पाऊस संपून हवा कोरडी पडू लागली की गोगलगाय सावलीची जागा पाहून अंग आत ओढते, कवचाच्या तोंडावर चिकट द्रवाचा पडदा धरते आणि तो वाळून कडक होतो. आतले पाणी राखून ती महिनोन् महिने तशीच पडून राहते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो आणि तरीही जूनच्या पहिल्या सरीनंतर ती बाहेर येते. एवढ्याशा जिवाची ही चिकाटी मला दर वर्षी नव्याने थक्क करते. म्हणून पापुद्रा असलेले शंख उचलू नये, आणि दगड उलटला तर होता तसाच परत ठेवावा.

पांढऱ्या रंगालाही अर्थ असतो. ताहिती बेटावर त्याच शिकारी गोगलगायीने पार्टुला कुळीच्या बहुतेक जाती संपवल्या, तरी पार्टुला हायलिना ही पांढऱ्या कवचाची जाती टिकून राहिली. मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी शिकारी गोगलगायींच्या पाठीवर काही मिलिमीटरचे प्रकाशमापक यंत्र बसवले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडला की रानाच्या उन्हाळ कडेला, जिथे पांढरे कवच ऊन परतवून तग धरते, तिथे शिकारी गोगलगायीला उन्हामुळे थांबता येत नाही. पार्टुलाच्या जिवावरचे संकट रानाच्या काठापाशीच अडले. खान्देशातील उन्हाकडे आपण नेहमी तक्रारीने पाहतो. कवचाच्या रंगाचा असा अभ्यास इथेही करण्याजोगा आहे.

देशी गोगलगायींविषयी सांगायचे तर पश्चिम घाटातून भूचर गोगलगायींच्या सुमारे २७० जातींची नोंद झालेली असून त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जगात अन्यत्र कुठेही नाहीत. सातपुडा हे सह्याद्रीइतके ओले रान नव्हे, तरीही तोरणमाळचे पठार, यावलचे अभयारण्य, पालचा परिसर आणि दऱ्यांतील बारमाही झरे ही कोरड्या मुलखातील ओलाव्याची बेटेच आहेत. पाण्याने वेढलेल्या बेटाइतकीच ती गोगलगायीला बांधून ठेवतात, कारण दोन झऱ्यांमधील तापलेला माळ तिला ओलांडता येत नाही. एका झऱ्याकाठची वस्ती गेली तर शेजारून भर पडत नाही.

आपण त्या भागात राहता म्हणून एक गोष्ट विनंतीपूर्वक लिहिते. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची रीत आहे. ती फुले अनेक घरांचा आधार आहेत आणि त्या रीतीला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. परंतु नेमक्या त्याच दिवसांत गोगलगाय त्या पाल्याखाली तोंड बंद करून झोपलेली असते आणि तिला पळता येत नाही. पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला ओढला, किंवा झाडाखाली जुन्या साड्या वा जाळी अंथरली, तर फुलेही स्वच्छ मिळतात आणि आग डोंगरात सरकण्याची भीतीही राहत नाही. काही पाड्यांवर जाळी अंथरतात असे मी पाहिले आहे. आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी हे सांगून पाहावे.

प्रश्न : आपले टिपण वाचून मन खिन्न झाले. एवढे सगळे करून प्रत्यक्षात एक तरी गोगलगाय वाचली काय, की केवळ शेवटच्या प्राण्याचे नाव ठेवणे एवढेच माणसाच्या हाती उरले आहे?
— सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : वाचल्या आहेत, आणि मला हे आधीच लिहायला हवे होते. मोऱेआ हे ताहितीशेजारचे बेट. तिथे शिकारी गोगलगाय १९७७ मध्ये आणली गेली आणि अवघ्या दहा वर्षांत पार्टुलाच्या सातही जाती बेटावरून नाहीशा झाल्या. सुदैवाने त्याआधीच अभ्यासकांनी काही जिवंत गोगलगायी बाहेर नेल्या होत्या. लंडन, एडिनबरा, ब्रिस्टल आणि इतर ठिकाणच्या प्राणिसंग्रहालयांत त्यांच्या पिढ्या प्लास्टिकच्या लहान डब्यांत वाढल्या. सगळे यशच होते असे नाही. पार्टुला तुर्गिडाची शेवटची गोगलगाय १९९६ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका सूक्ष्म परजीवीमुळे गेली. परंतु २०१५ पासून उरलेल्या जाती बेटांवर परत सोडण्यास सुरुवात झाली, प्रत्येकीच्या कवचावर ओळखीचा रंगाचा ठिपका लावून. २०२४ मध्ये मोऱेआच्या रानात पार्टुला तोहिवेआना जातीच्या अशा प्रौढ गोगलगायी आढळल्या ज्यांच्या कवचावर ठिपका नव्हता. त्या रानातच जन्मल्या होत्या. त्या जातीवरचा 'रानातून नामशेष' हा शिक्का त्यामुळे पुसला गेला. आज ती 'अतिसंकटग्रस्त' गणली जाते, आणि हा शब्द आनंदाने उच्चारण्याची वेळ क्वचितच येते.

बर्म्युडा बेटावर पोइसिलोझोनाइट्स कुळीची मोठी गोगलगाय संपली असे सर्वांनी धरले होते. २०१४ मध्ये हॅमिल्टन शहरातील इमारतींमधल्या एका बोळात एका रहिवाशाला तिचे ताजे शंख दिसले, त्याने ते जाणकारांकडे नेले आणि तिथे जिवंत वस्ती निघाली. इंग्लंडमधील चेस्टर प्राणिसंग्रहालयाने त्यांतून हजारो पिल्ले वाढवली आणि ती बर्म्युडाच्या बेटांवर परत गेली. नॉरफोक बेटावरील अ‍ॅडव्हेना कॅम्पबेली हिचीही नोंद १९९६ मध्ये नामशेष म्हणून झाली होती. २०२० मध्ये एका रहिवाशाने काढलेला फोटो सिडनीच्या ऑस्ट्रेलियन संग्रहालयातील गोगलगायतज्ज्ञांपर्यंत पोहोचला आणि त्यांनी तिला ओळखले. टॅरोंगा प्राणिसंग्रहालयात तिची पिल्ले वाढवण्यात आली आणि २०२५ मध्ये तीनशेहून अधिक गोगलगायी तिच्या मूळ रानात सोडण्यात आल्या. आपण विचारता माणसाच्या हाती काय उरले. या दोन्ही ठिकाणी थांबून खाली पाहणे, आणि पाहिलेले योग्य माणसाला दाखवणे, एवढेच त्या रहिवाशांनी केले होते.

प्रश्न : मी सातवीत आहे. आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीवर पावसात एक छोटी चपटी गोगलगाय सापडली. मी तिला बरणीत ठेवू का? तिचे नाव मला कसे कळेल?
— एक विद्यार्थी, अमळनेर

उत्तर : बाळा, तुझे पत्र सर्वांत शेवटी ठेवले, कारण बाकीची पत्रे वाचून झाल्यावर तुला माझे म्हणणे नीट कळेल. बरणीत ती चार दिवसांत वाळून मरेल, म्हणून ठेवू नकोस. त्याऐवजी तिच्याशेजारी पट्टी किंवा रुपयाचे नाणे ठेव आणि घरच्या मोबाइलवर तीन फोटो काढ : एक वरून, एक बाजूने आणि एक कवचाचे तोंड दिसेल असा. तोंडाचा फोटो विसरू नकोस, कारण जाणकार आधी तेच पाहतात. मग वहीत तारीख, वेळ, गावाचे नाव, भिंत विटांची आहे की दगडांची, जवळ कोणते झाड आहे आणि पाऊस किती वेळापूर्वी थांबला ते लिही. फोटो आणि हे टिपण आपल्या विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना दाखव आणि त्यांच्यामार्फत पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे पाठव. तशीच एक प्रत या सदरालाही पाठव. नाव कळायला वेळ लागेल. तोवर दर पावसानंतर त्याच भिंतीपाशी जा आणि ती दिसली की नाही तेही लिहीत राहा. न दिसल्याची तारीखसुद्धा लिहायची असते. तिला हात लावला असशील तर साबणाने हात धू. आणि आत्ता ती बरणीत असेलच, तर संध्याकाळी भिंत ओली असताना तिला जिथून उचललीस त्याच विटेवर परत ठेव.